पिवळ्या चिंध्यांचा जोंधळा

लई मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर सीना नदीवर पूल नव्हता, पिंपरखळ्याला सडक नव्हती, आणि कणगीत दाणे किती उरलेत त्यावरून माणसं महिना ओळखायची. त्या काळात पिंपरखळ्यात धुरपदा नावाची एक बाई होऊन गेली. तिच्या नजरेत काहीतरी होतं. शंभर कणसांतलं सगळ्यात गोड कणीस ती चार पावलांवरून ओळखायची. हात लावायची नाही, दाणा चावून बघायची नाही. नुसती बघायची आणि मोडायची. तिनं मोडलेलं कणीस उभ्या जन्मात एकदाही फिकं निघालं नाही, असं म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, पिंपरखळ्याचा हुरडा खाल्ला नाही ना तुम्ही, म्हणून असं म्हणता! पौषात जोंधळ्याचं कणीस भरतं, दाणा अजून हिरवा असतो, दाबला की दूध येतं. तेव्हा शेतातच खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. त्याला आगटी म्हणतात. आगटीत कणीस भाजायचं, गरम गरम तळहातावर चोळायचं, आणि तो दाणा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. दहा गावांतली माणसं त्यासाठी पिंपरखळ्याला यायची. व्याही यायचे, जावई यायचे, जावयाचे मामे आणि मामांचे मेहुणे यायचे. गावालाही त्याचा भारी डौल. पाहुणा आला की सगळ्यात मोठं, सगळ्यात टपोरं कणीस त्याच्यापुढं ठेवायचं, ही गावाची रीत. आणि ते कणीस निवडायला कुणाला बोलवायचं? धुरपदेला. पाटलाच्या रानात धुरपदा, कुलकर्ण्याच्या रानात धुरपदा. पुढं धुरपदा आणि मागं टोपली घेऊन माणसं, असा पौष महिना जायचा.

असं वीस वर्षं चाललं.

आणि त्या वीस वर्षांत गावाचा जोंधळा दरसाल थोडा थोडा खंगत गेला. आधी कणीस ओंजळभर असायचं, मग मूठभर झालं, मग बोटाएवढं. कुणी म्हणालं, जमीन म्हातारी झाली. कुणी म्हणालं, देवीचं काही चुकलं. गावानं देवीला दोनदा गोड नैवेद्य केला. देवीनं खाल्ला की नाही ठाऊक नाही, जोंधळा काही वाढला नाही. मग शहाण्यांनी तोड काढली की बियाणं जास्त टाकू. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरताना बाया ओंजळ ओंजळ सोडू लागल्या. निम्मं उगवायचंच नाही, उगवायचं ते दाटीत पिवळं पडायचं. बैल तेवढेच घामेजायचे, माणसं तेवढीच वाकायची आणि खळ्यावरची रास मात्र गेल्या सालापेक्षा बुटकी. पेरायलाच इतकं जायचं की खायला उरायचं काय?

धुरपदेची तर तीनच बिघे जमीन. नवरा पटकीत गेलेला. पदरात एकच लेक, गजरा, तिचं लग्न तीन कोसांवरच्या ढोकरवाडीत नुकतंच झालेलं. धुरपदेच्या रानाला लागून थोरला दीर मानाजी याचं रान, तेही तीनच बिघे. एकाच रानाचे दोन तुकडे, मध्ये बांध. तिचा एक बैल, त्याचा एक बैल, दोघांची जोडी करून आधी त्याचं रान पेरायचं, मग तिचं. मानाजी माणूस वाईट नव्हता. पण धुरपदेच्या कणगीचा तळ चैत्रातच दिसायला लागला तेव्हा तो दारात येऊन बसला आणि म्हणाला, "धुरपदे, किती दिस रेटशील? चूल मोड. रान माझ्यात मिळव आन् आमच्यात येऊन ऱ्हा. दोन घास आम्हाला मिळतात तर तुलाबी मिळतील."

"भाऊजी, तुमच्यात आले तर मला घास मिळंल," धुरपदा म्हणाली. "पर माझ्या गजराला माहेर कुठलं मिळंल? चुलत्याच्या घरी लेक पाव्हणी म्हणून येती. आईच्या घरी लेक म्हणून येती."

मानाजीनं मान हलवली. "बरं. तीन-चार सालं बघू. न्हाई भागलं तर माझं ऐकायचं."

धुरपदेनं कबूल केलं. आणि रात्रंदिवस एकच घोर तिला लागला. तीन बिघ्यांत वर्षाचं कसं भागवायचं? चूल गेली की माहेर गेलं, आणि माहेर गेलं की गजरा कुणाच्या दारात उतरायची?

आता ऐका. त्याच सालच्या पौषात ती आपल्या रानात हुरड्याची कणसं मोडत होती. बांधावर एक बाभळ होती, तिच्या आडोशाला एक कणीस दिसलं. असलं टपोरं की बस्स. हात पुढं केला एवढ्यात पाटलाचा गडी धावत आला. "चला चला, पाव्हणे बसलेत, मालक ओरडत्यात!" धुरपदा तशीच गेली आणि ते कणीस विसरली. उभ्या जन्मात एवढं एकच कणीस ती विसरली, असं म्हणतात.

काढणीच्या वेळी ते सापडलं. तोवर पिकून, वाळून, मोत्यासारखं झालं होतं. आता हुरडा तर होणार नव्हता. तिनं ते घरी आणलं आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलं, धुरात राहिलं म्हणजे किडा लागत नाही म्हणून. पेरणीला बियाणं कमी पडलं तेव्हा तिला ते आठवलं. पाभर बांधापर्यंत आली होती, एक ओळ उरली होती. धुरपदेनं ते कणीस चोळलं आणि त्या एका ओळीत हातानं दाणा दाणा टाकला.

आणि काय सांगू! महिन्याभरात ती एक ओळ बाकीच्या रानाच्या खांद्यावरून बघायला लागली. धाटं जाड, पानं रुंद. कणसं निसवली तीही तशीच भरदार. एक दाणा वाया गेला नव्हता. शेजारच्या ओळीत ओंजळीनं बियाणं टाकलेलं आणि तिथं मात्र किडमिडी पोरं उभी असावीत तशी धाटं.

धुरपदा बांधावर बसली. कितीतरी वेळ त्या ओळीकडं बघत बसली. मग तिनं आपला उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "म्हंजी मीच की!"

वीस वर्षं. वीस पौष. गावातलं जे जे उत्तम कणीस होतं ते तिनं आपल्या हातानं मोडून आगटीत घातलं होतं. चांगलं ते पाहुण्याच्या पोटात गेलं आणि उरलंसुरलं, बारकं, मागास, ते बियाणं म्हणून मातीत. गावानं देवीला बोल लावला, जमिनीला बोल लावला, आणि खरा चोर हा हात. धुरपदा त्या दिवशी बांधावर बसून हमसून हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठली. ती रडत बसणारी बाई नव्हती.

तिनं गावाला सांगून बघितलं. "आधी बियाण्याची कणसं राखा, मग उरलेली खा." गाव हसलं. पाटील म्हणाला, "मग काय पाव्हण्यापुढं बारकी कणसं ठिवायची? पिंपरखळ्याचं नाक कापायचंय का तुला?" बाया म्हणाल्या, धुरपदेची नजर गेली, आता निमित्त सांगते. तिनं नाद सोडला. घरी आली, पेटी उघडली. पेटीत तिचं लग्नातलं पिवळं लुगडं होतं. नवरा गेल्यापासून तिनं ते अंगाला लावलं नव्हतं, नातवंडांच्या दुपट्याला होईल म्हणून जपलं होतं. तिनं ते घेतलं आणि टर्र करून फाडलं. त्याच्या बोटबोटभर चिंध्या केल्या आणि त्या ओळीतल्या एकेका भरल्या कणसाच्या मानेला बांधल्या. पिवळी चिंधी दिसली की हात आवरायचा, स्वतःचासुद्धा. वीस वर्षांची सवय होती ना हाताला!

आणि नेमका त्याच पौषात जावई आला.

जावयाचं नाव हैबती. गडी मनानं बरा, पण मिशीला पीळ आणि नाकावर राग. आपल्या सासूच्या हातचा हुरडा म्हणजे काय चीज आहे हे दाखवायला तो दोन गाड्या भरून भावकी घेऊन आला होता. गजराही आली होती, आठ दिवस राहायला. धुरपदेनं घोंगड्या अंथरल्या, आगटी पेटवली, चटणी वाटली, गूळ फोडला, दही ठेवलं. रानात फिरून बाकीच्या ओळींतली त्यातल्या त्यात बरी कणसं मोडून आणली. हैबतीनं एक चोळलं, तळहात बघितला. पाच-सहा दाणे. भावकी एकमेकांकडं बघून हसली. तेवढ्यात त्याची नजर बाभळीखाली गेली.

"आत्याबाई, ती चिंध्यावाली कणसं कुणासाठी ठिवलीत?"

धुरपदेनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "ते बियाणं हाय, जावईबापू. त्याला न्हाई हात लावायचा."

"जावयानंबी न्हाई?"

"माझाबी हात मी बांधून घेतलाय. तुम्ही दुसरं काय बी मागा."

हैबतीला वाटलं, थट्टा आहे. तो उठला, बाभळीखाली गेला आणि एका पिवळ्या चिंधीच्या कणसाला हात घातला. आणि धुरपदा धावली आणि तिनं त्याचं मनगट धरलं! सासूनं जावयाचा हात धरला, भरल्या पंगतीसमोर! असलं कुणी कधी बघितलं नव्हतं. आगटीभोवतीची माणसं चोळता चोळता थांबली. गजरानं तोंडाला पदर लावला.

हैबतीनं हात सोडवून घेतला. त्याचं तोंड लालबुंद झालं. "जिथं जावयापरीस कणीस मोठं," तो म्हणाला, "त्या घराचा उंबरा माझी बायको चढायची न्हाई. गजरे, गाडीत बस."

आणि गजरा गेली. आठ दिवस राहायला आलेली पोर आठ घटकाही राहिली नाही. तिचं गाठोडंसुद्धा सोडलेलं नव्हतं. गाड्या सीनेच्या उतारावरून दिसेनाशा झाल्या, तोवर धुरपदा तिथंच उभी होती, मागं आगटी धुमसत होती. घोंगडीवर तसाच टाकलेला हुरडा पाखरांनी खाल्ला.

पुढची संक्रांत गेली, गजरा आली नाही. नागपंचमी गेली, आली नाही. दिवाळीला धुरपदेनं दार उघडं ठेवलं होतं, असं म्हणतात. त्याच सालात गजराला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ती रीत आहे. पण तेही सासरीच झालं. मुलगी झाली, हे धुरपदेला बाजारात एका बांगडीवाल्या कासारणीकडून कळलं. स्वतःची नात झाली आणि बातमी कासारणीनं द्यावी! धुरपदा म्हणाली, "बरं झालं," आणि मीठ न घेताच बाजारातून परत आली.

एकदा त्याच बाजारात गजरा तिला भेटली. सासरच्या बायांबरोबर होती, दोनच क्षण बाजूला आली.

"आये," गजरा म्हणाली, "चार कणसं दिली असतीस तर काय झालं असतं गं?"

धुरपदेनं नुसता लेकीच्या गालावरून हात फिरवला. त्या बायांनी हाक मारली, गजरा गेली.

तोवर दुसरा पौष आला होता. या साली धुरपदेनं राखलेल्या कणसांचं बियाणं अर्ध्या बिघ्यात पेरलं होतं, आणि तो अर्धा बिघा असा उभा होता की वाटेनं जाणारा थबकायचा. पिवळ्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. एके सकाळी धुरपदा विळा आणि टोपली घेऊन तिथं गेली. तिनं मनाशी ठरवलं होतं, सगळी मोडायची, टोपली डोक्यावर घ्यायची, ढोकरवाडीला जायचं आणि जावयाच्या पायाशी ठेवायची. म्हणायचं, चुकलं बाबा, खा आणि माझी लेक पाठव. पहिलं कणीस तिनं हातात घेतलं. ते जड होतं. इतकं जड की विळा धरलेला हात आपोआप खाली आला. आणि तिच्या मनात आलं, हे दिलं तर गजरा एकदा येईल. पुढच्या साली पुन्हा कणगीचा तळ दिसेल, भाऊजी दारात येऊन बसतील, चूल मोडेल, आणि मग गजरा यायची म्हटली तरी येणार कुठं?

तिनं रिकामी टोपली उलटी घातली, तिच्यावर बसली आणि पुन्हा एकदा पोटभर रडून घेतलं. मग उठली आणि चिंध्यांच्या गाठी घट्ट आहेत का ते एकेक करून तपासलं.

तिसऱ्या साली तिनं सगळे तीन बिघे त्याच बियाण्यानं पेरले. चाड्यावर मूठ धरली ती अशी चिमटी चिमटीनं की बैल हाकणारा मानाजी ओरडला, "धुरपदे, पेरतीस का मीठ टाकतीस?" शेजारी त्याच्या रानात दोन पोती बियाणं गेलं होतं, हिच्या रानात अर्धंसुद्धा नाही. त्या साली पाऊसही रुसला. पेरणीपुरती ओल झाली आणि आभाळ जे पुसलं गेलं ते पुन्हा भरलंच नाही. पौष आला पण पिंपरखळ्यात आगटी पेटली नाही. पेटवून भाजणार काय? गावच्या कणसांत दाणाच नव्हता, नुसती फोलं. आलेले पाहुणे गुळाचा खडा खाऊन परत गेले.

आणि बांधाच्या अल्याड धुरपदेचा जोंधळा उभा होता. उभा कसला, वाकला होता. कणसं इतकी जड की धाटं कमरेत वाकली. सीनेपलीकडून बघणाऱ्याला वाटायचं, शेकडो माणसं पिवळी मुंडासी बांधून रानात वाकून काम करतायत, असं म्हणतात. पाखरांनी चिंधीच्या कणसाला चोच लावली नाही, असंही म्हणतात. आता चिंधी हलली की पाखरू बिचकणारच, त्यात जादू कसली? पण लोक म्हणतात तर म्हणू द्या बापडे, आपलं काय जातं?

मळणीला तीच बैलजोडी, तोच खळ्याचा घेर. मानाजीची मळणी दुपारच्या भाकरीआधी आटपली. मग बैल धुरपदेच्या खळ्यावर गेले आणि दुसऱ्या दिवशीची सांज झाली तरी फिरतच होते. उपणताना वाऱ्यावर भुसा उडाला आणि दाण्यांची रास वर वर चढत गेली. तिच्या आड उभी राहिलेली धुरपदा पलीकडून दिसेना झाली, असं म्हणतात. मी म्हणतो, बाई बुटकी असेल. पण रास मोठी होती, ते मात्र खरं.

मानाजी राशीपुढं उभा राहिला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं. "तेवढीच जमीन," तो म्हणाला, "त्येच बैल. बांध तेवढा मधी. आन् बियाणं तर तू निम्मंबी टाकलं न्हाईस." मग घसा खाकरून म्हणाला, "ती चूल मोडायची गोष्ट म्या कवाच बोललो नव्हतो, बरं का."

धुरपदा हसली. गजरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. चूल राहिली होती. छातीवरचा अर्धा धोंडा उतरला होता. पण अर्धाच.

त्या साली सगळ्या गावाचं बियाणं बुडालं होतं. माणसं आधी लाजली, मग एकेक करून धुरपदेच्या दारात आली. पाटीलही आला, नाक शाबूत घेऊन आला. धुरपदेनं कुणाला परत पाठवलं नाही. दाण्याच्या बदल्यात काही मागितलं नाही. फक्त प्रत्येकाच्या हातात एक एक पिवळी चिंधी दिली आणि म्हणाली, "पौषात पाव्हणा आला की आधी ही बांधायची, मग आगटी पेटवायची." तिचं लुगडं अशा रीतीनं गावभर झालं.

भाद्रपद संपत आला. पेरणी तोंडावर आली होती. दुपारची वेळ होती. धुरपदा अंगणात राखेत घोळलेलं बियाणं पाखडत बसली होती. दारासमोर गाडी थांबली. वर बघते तो हैबती. एकटाच. मिशीचा पीळ उतरलेला, खांद्यावर रिकामं पोतं. ढोकरवाडीच्या रानातही सगळी फोलंच निघाली होती.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बराच वेळ पोत्याची शिवण बघत राहिला. मग म्हणाला, "आत्याबाई, बियाणं मिळंल का?"

धुरपदेनं पदर पुढं ओढला. "हाय की. पर पोत्यात न्हाई घालायची मी. लेकीच्या ओटीत घालीन."

हैबतीनं मान वर केली. पाठ फिरवली, गाडीत बसला आणि गाडी वळवून निघून गेला.

झालं! धुरपदेनं कपाळाला हात लावला. तेव्हा कणसासाठी नडले, आता दाण्यासाठी नडले. आलेला जावई दुसऱ्यांदा दारातून पाठवला. कशाला बोलले मी? घातलं असतं पोत्यात तर हात झडला असता का माझा? सूप तसंच मांडीवर पडलं होतं. ढोकरवाडी तीन कोस. जायला वेळ, यायला वेळ. मी मोजत नव्हते असं ती म्हणायची, पण सावली अंगणात कुठवर आली हे तिला न बघता कळत होतं. सावली तुळशीपर्यंत आली. तुळस ओलांडून भिंतीवर चढली.

आणि चढावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या.

गाडीत पुढं हैबती होता आणि मागं गजरा, गजराच्या मांडीवर पावणेदोन वर्षांची पोर. धुरपदेचा जीव असा भांड्यात पडला म्हणता! ती उठली, पाखडलेलं बियाणं सुपासकट अंगणात सांडलं. लेकीला मिठी मारायची का नातीला उचलायचं हे तिला कळेना, म्हणून दोघींना एकदमच धरलं. गजरा रडत होती आणि हसत होती. ती पोर तेवढी शहाणी. ती खाली उतरून सांडलेले दाणे मुठीत भरायला लागली.

शेजारपाजार जमला होताच. धुरपदा बियाण्याचं सूप घेऊन पुढं आली तेव्हा एक म्हातारी कुजबुजली, "अगं, विधवेच्या हातानं ओटी?" धुरपदेचा हात थबकला. तीही त्या काळचीच बाई, तिलाही ते लागलं. पण गजरानं आपला पदर दोन्ही हातांनी पसरला आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्या हातानं ह्यो जोंधळा राखला त्याच हातानं भर, आये. दुसऱ्या हाताची मला नको."

हैबती खाकरला. म्हातारीकडं बघून म्हणाला, "भरू द्या की."

धुरपदेनं लेकीला उंबऱ्याआत घेऊन ओटी भरली. गजरा उंबऱ्याबाहेर गेली, हैबतीनं पोत्याचं तोंड धरलं, गजरानं ओटी पोत्यात रिकामी केली. पोत्याचा तळसुद्धा झाकला नाही. हैबती सासूकडं बघायला लागला.

"ही पहिल्या संक्रांतीची," धुरपदा म्हणाली. "ये गजरे, आत ये. आता नागपंचमीची."

गजरा उंबरा चढून आत आली. ओटी भरली. बाहेर गेली, पोत्यात ओतली. पुन्हा उंबरा चढून आत. ही दिवाळीची. ही डोहाळजेवणाची. ही बाळंतपणाची, ही जरा मोठी. ही बारशाची. ज्या घराचा उंबरा बायको चढायची नाही असं हैबती म्हणाला होता, तो उंबरा गजरा चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती, आणि हैबती पोत्याचं तोंड धरून उभा होता. त्याच्या हाताला रग लागली. भोवतीची माणसं आधी गालातल्या गालात हसली, मग खो खो हसायला लागली. शेवटी हैबतीलाही हसू आवरेना.

"आत्याबाई," तो म्हणाला, "आता पुरे की! पेरणीपुरतं झालं."

"पुरे कसं?" धुरपदा म्हणाली. "अजून एक दिवाळी आन् दोन नागपंचम्या ऱ्हायल्यात. धरा पोतं नीट."

असं ते पोतं भरलं. गजरा पंधरा दिवस माहेरी राहिली. ढोकरवाडीच्या रानात पुढच्या साली पिवळ्या चिंध्या फडफडल्या, तिथून त्या पुढच्या गावाला गेल्या, आणि ज्या ज्या गावात गेल्या तिथली कणगी चैत्रात तळ दाखवायची थांबली, असं म्हणतात. धुरपदा पिकली, म्हातारी झाली आणि एका सुगीत आपल्या चुलीपाशीच गेली. गावानं तिला बांधावरच्या बाभळीखाली माती दिली, म्हणतात. बाभळ अजून आहे.

आता पिंपरखळ्याला सडक आली, सीनेवर पूल आला. तालुक्याच्या दुकानात पिशवीतलं सुधारित बियाणं मिळतं, ते घेऊन माणसं येतात. पिशवीवर कणसाचं मोठं चित्र असतं. तरी गावातला कुणीही शहाणा आधी त्याची एकच ओळ पेरतो, बांधाकडेला, स्वतःच्या राखलेल्या बियाण्याशेजारी. त्या ओळीला धुरपदेची ओळ म्हणतात. ती बघायची, आणि मगच पुढच्या साली काय पेरायचं ते ठरवायचं. पौष लागला की कितीही मोठा पाहुणा येऊ दे, आधी त्याच्या हातात पिवळी चिंधी देतात. त्यानं रानात जाऊन चांगल्यातलं चांगलं एक कणीस शोधायचं आणि त्याला गाठ मारायची. मग आगटी पेटते. मंत्री आला होता एकदा, त्यालाही बांधायला लावली.

आणि भाद्रपदात गावच्या लेकी माहेरी येतात. तिथं त्यांची ओटी तांदळानं भरत नाहीत, बियाण्याच्या जोंधळ्यानं भरतात. आई सवाष्ण असो नाहीतर विधवा, ओटी आईच्याच हातची. वर्षात जितके सण लेक आली नसेल तितक्यांदा भरायची, तितक्यांदा तिनं उंबरा चढायचा. पोत्याचं तोंड मात्र जावयानंच धरायचं असतं. त्याचे हात दुखले तरी दुसऱ्या कुणी धरलेलं चालत नाही.